चौथी रांग, अकरावी कबर

दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. तिथे नोंद चुकली तर माणसं उडतात, त्यामुळे चुकायची मला सवय नाही. नोकरीत असतानाच फादरनी आमच्या खडकीच्या दफनभूमीची वही माझ्याकडे सोपवली. पहिला नियम मी केला तो चकतीचा. प्रत्येक कबरीच्या उशाशी हातभर खोल, रांग आणि नंबर ठोकलेली पितळी चकती पुरायची. लाकडी क्रूस वाळवी खाते, पितळ खात नाही. चर्चच्या कमिटीतले हसले. हसू देत.

जागा तेवढीच आणि माणसं काही मरायची थांबत नाहीत. म्हणून बारा वर्षांनी, वारसाने मुदत वाढवून घेतली नाही, तर कबर उघडतात. हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि तिथे नव्या माणसाला जागा द्यायची.

फिलोमिना मस्कतला नर्स होती. १९९४ साली तिची आई गेली तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही. २००० साली कायमची परत आली, ती बॅग घरी टाकून थेट माझ्याकडे.

"विजयाताई, आई कुठाय?"

"चौथी रांग, अकरावी," मी वही न उघडता सांगितलं.

तिथे तिने संगमरवराची फरशी बसवली. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जाऊन आठवड्याचं सगळं आईला सांगायची. बारा वर्षं भरायच्या आधीच मुदतवाढीचा अर्ज घेऊन आली. "तिला हलवणार नाही ना?"

"मी असेपर्यंत नाही," मी शब्द दिला.

२००६च्या ऑगस्टमध्ये एका गुरुवारी दुपारी चारला दफन होतं. माझा भाचा शुभंकर खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने माझी वही कॉम्प्युटरवर चढवली होती. त्याच्या यादीत मुदत संपलेली कबर निघाली: सातवी रांग, अकरावी. डॉमनिक, मेसमधला आचारी, वारस नाही. कबरी खणणारा म्हातारा भैरू वारल्यावर त्याच्या जागी आलेल्या पोपटने नऊ वाजता खणायला घेतलं आणि अर्ध्या तासात मातीने भरलेली चकती घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, कागदावर सात-अकरा हाय. हितं चार-अकरा निगालं."

मी चकतीकडे पाहिलं आणि मग गेटकडे. 

रांगा गेटपासून मोजायच्या आणि रांगेतल्या कबरी कोनाड्यांच्या भिंतीपासून, ही आमची पद्धत. १९९८ला रस्ता रुंद झाला तेव्हा जुनं गेट बुजवून समोरच्या टोकाला नवं केलं. रांगा एकूण दहा. जुन्या गेटकडून चौथी, ती नव्याकडून सातवी. भैरू मरेपर्यंत जुन्या गेटकडूनच मोजत राहिला. पोपट आला तो नव्या गेटने, आणि फिलोमिनाही. बाकीच्यांच्या क्रूसांवर नावं होती, डॉमनिकचा आणि फिलोमिनाच्या आईचा मात्र वाळवीने खाल्लेला. रांगा जुन्या गेटकडूनच मोजाव्यात, एवढी एक ओळ वहीत लिहायची होती, ती मी लिहिली नव्हती. शुभंकरला फोनवर झापलं, तर म्हणाला, "मावशी, डेटा तुमचाच आहे." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

म्हणजे पोपटच्या खड्ड्याखाली फिलोमिनाची आई, आणि फिलोमिनाच्या संगमरवराखाली डॉमनिक. आणखी तीन-चार फूट खणलं असतं, तर माझ्या शब्दाची माती झाली असती. खड्डा लगेच बुजवून घेतला. पण चारच्या दफनाला डॉमनिकचीच जागा हवी होती.

फिलोमिनाला बोलावून घेतलं. गोलगोल बोलणं मला जमत नाही. चकती तिच्या हातात दिली, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे."

ती आधी सातव्या रांगेत गेली. ताज्या मातीवर हात ठेवून "आई, उशीर झाला गं," एवढंच म्हणाली. मग संगमरवराजवळ येऊन उभी राहिली. कारखान्यात स्फोट झाला त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

"सहा वर्षं मी ह्याला आई म्हणतेय," ती म्हणाली. "नवऱ्याने सोडलं, तेही पहिल्यांदा ह्यालाच सांगितलं. कोण होता हा?"

"आचारी. कोणी नव्हतं त्याला."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

दोनच्या आत संगमरवर आईच्या कबरीवर गेला. फादरनी प्रार्थना केली, पोपटने डॉमनिकची हाडं पांढऱ्या कापडात बांधून कोनाड्यात ठेवली. मी वहीत नोंद करायला बसले. आधी गेटची ती राहिलेली ओळ लिहिली. मग डॉमनिकचं पान काढलं. फिलोमिना टेबलाशी आली.

"वारसाच्या रकान्यात माझं नाव लिहा."

"तो रकाना नातेवाइकांचा आहे, फिलोमिना. नातं काय लिहू?"

"मुलगी लिहा," ती म्हणाली. "सहा वर्षं दुसरं कोण येत होतं त्याच्याकडे?"

सत्तावीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. 'मुलगी' असं ठळक अक्षरात लिहिलं, खाली तिची सही घेतली. ही नोंदही खरीच आहे.