सिस्टर, जरा चहा टाकता का?

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट मारलं. एक तर मी काही लेखक नाही. आणि मी ज्या नर्सिंग ब्युरोतून ड्युट्या घेतो, तिथल्या मॅडमनी हे वाचलं तर माझी वाट लागेल. पण गप्प बसलो तर ही गोष्ट आमच्या दोघांतच राहील, आणि उद्या तुमच्या घरात हेच होईल. म्हणून लिहितोय. मोबाईलवर, जमेल तसं. चुका पोटात घाला.

गोष्ट रुपालीची आहे.

रुपाली करी रोडची. दादरला साडीच्या दुकानात काउंटरला होती, कित्येक वर्षं. लॉकडाऊननंतर दुकान अर्धं झालं आणि निम्म्या बायका घरी बसल्या. ही बसली नाही. तिशी उलटलेली, मुलगी शाळेत, तरी नर्सिंगला ॲडमिशन घेतलं. मी, मयूर, पण तसाच, कुरिअरची नोकरी सोडून आलेला. बाकी सगळा वर्ग बारावीतून नुकता सुटलेला. पहिल्या दिवशी रुपाली वर्गात शिरली तर पोरी टीचर समजून उभ्या राहिल्या! मग काय, नावच पडलं. काकू.

"काकू म्हणा," ती म्हणायची, "पण सलाईन काकूच आधी लावणार."

आणि लावायची! घरी एकाच टेबलावर ती आणि तिची आकांक्षा अभ्यासाला बसायच्या. हाडांची इंग्रजी नावं मुलगी आईकडून पाठ करून घ्यायची. सासू आतून ओरडायची, "दुकानात होतंस तां बरां होतां गो! ह्या वयात लोकांचा हगणामुतणा काढूक निघालंस?" रुपाली पान उलटायची.

पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. मग इंटरव्ह्यू सुरू झाले आणि कळलं की खरी परीक्षा पुढे होती. एका हॉस्पिटलात समोरच्या बाई म्हणाल्या, "फ्रेशर? आणि छत्तीस?" बस. पुढचा प्रश्नच नाही. दुसरीकडे म्हणाले, आम्हाला नाइटला पळणाऱ्या मुली हव्यात. शेवटी तिनेही आणि मीही दादरचा ब्युरो गाठला. घरी जाऊन पेशंट सांभाळायचा, बारा तासांची ड्युटी. ब्युरोच्या प्रिती मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे वर्षभर नीट काम करा, मी चांगला रेफरन्स देते. मग हॉस्पिटलवाले घेतील." रुपालीचं सगळं त्या एका रेफरन्सवर अडकलं होतं. एक तक्रार आली की संपलं.

पेशंट गिरगावातले. देवदत्त त्रिलोकेकर. जुनं घराणं, भिंतीवर तसबिरी, बोलणं एकदम शुद्ध. आजोबांना पॅरालिसिसचा झटका आलेला. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गिळता येत नव्हतं. नाकातून नळी घातलेली आणि जेवण, पाणी, औषध, सगळं त्या नळीतून. दिवसाची ड्युटी रुपालीला, रात्रीची मला. कोर्स एकच, ब्युरो एकच, पेशंट एकच. हे लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी रुपालीने घरातल्या सगळ्यांना जवळ बोलावलं. आजी, म्हणजे नलूआजी. मुलगा विनीत. सून अनुजा, ती घरूनच लॅपटॉपवर बँकेचं काम करायची.

"आजोबांना तोंडाने काहीही द्यायचं नाही," रुपाली म्हणाली. "घोटभर पाणीसुद्धा नाही. ते पोटात न जाता फुप्फुसात जाईल. आणि नळीतून फीड दिलं की डोकं वर ठेवून कोणीतरी शेजारी बसायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने हेच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पलंगाच्या वर लावला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा गायब.

"सिस्टर, मी काढला हं," अनुजा मॅडम हसून म्हणाल्या. "येणारे-जाणारे बघतात. घराचं अगदी हॉस्पिटल झाल्यासारखं वाटतं हो."

मग चहा सुरू झाला.

"सिस्टर, माझी मीटिंग आहे, जरा चहा टाकता का? तुम्हीही घ्या घोटभर." रुपालीने टाकला. त्यात काय, माणुसकी आहे. दुसऱ्या दिवशी परत. मग आलेल्या पाहुण्यांचा. आजारी माणसाला बघायला येणारे आपल्याकडे कमी असतात का? एक उठला की दुसरा बसतो. मग "सिस्टर, तेवढी कणीक मळून ठेवता का?" मग मेथी निवडायला आली.

आणि मी? मी संध्याकाळी आठला पोचायचो. "या ब्रदर, बसा. दमून आला असाल. चहा घेता ना?" अनुजा मॅडम मला म्हणायच्या. एकदा मी हो म्हटलं, तर चहा घेऊन रुपालीच आली. युनिफॉर्ममध्ये! दिवसभर पेशंट सांभाळून, घरी जायच्या वेळेला. कप माझ्यासमोर ठेवला आणि हळूच म्हणाली, "घ्या साहेब. साखर बरोबर आहे ना?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

निघताना दारात म्हणाली, "मयऱ्या, तुला एकदा तरी सांगितलं का रे चहा टाकायला?"

"नाही."

"का?"

"येत नसेल असं वाटत असेल."

"भारी आहे. मला इंजेक्शन येतं ते दिसत नाही, आणि तुला चहा येतो ते दिसत नाही."

मी म्हटलं, प्रिती मॅडमना सांग. तिने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ॲडजस्ट कर ना रुपाली. घरातलीच समजतात तुला, चांगलंच आहे की! आणि तुझ्या वयाला दुसरं कोण घेणारे?"

दुसऱ्या दिवशी तिने परत चहा टाकला. तुम्हीही टाकला असतात.

तो रविवार होता. मी तिथे नव्हतो. नंतर रुपालीकडून आणि आजींकडून ऐकलं तेच सांगतो.

संध्याकाळी आजोबांचे जुने मित्र मनमोहनकाका आले होते, बरोबर अजून दोन जण. रुपालीने नुकतंच फीड दिलं होतं. अनुजा मॅडम दारात आल्या. "सिस्टर, सगळ्यांचा चहा टाकता? आणि चार भजी पण तळा. काका खूप दिवसांनी आलेत."

"ताई, आत्ताच फीड झालंय. मी बसते इथे थोडा वेळ."

"अहो, आम्ही सगळे आहोत ना इथे!"

सगळे होते. घरात सात माणसं होती. पेशंटकडे लक्ष ठेवायला शिकलेलं माणूस त्यातलं एकच, आणि ते बेसन भिजवायला गेलं.

चहा बाहेर गेला. भज्यांचा पहिला घाणा कढईत पडला. बाहेर मनमोहनकाकांनी कपातला चहा बशीत ओतला. आजोबा टक लावून बशीकडे बघत होते. दोघांनी तरुणपणी एका टेबलावर बसून किती चहा प्यायला असेल! काकांना भरून आलं. "देवा, घे रे. एक घोट." आणि बशी त्यांच्या ओठांना लावली.

ठसका लागला. मग घुसमट. मग चेहरा निळा पडायला लागला.

रुपाली बेसनाच्या हातांनी धावत आली. आजोबांना कुशीवर वळवलं, सक्शन मशीन लावलं, "ॲम्ब्युलन्स बोलवा!" म्हणून ओरडली. बाकी सगळे भिंतीला टेकून उभे. तिच्यामुळे आजोबा हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचले. पण फुप्फुसात जायचं ते गेलं होतं. न्यूमोनिया झाला. आठवडा काढला त्यांनी.

गेले.

आणि तक्रार कोणावर आली? सांगायला हवं का?

"पेशंटला सोडून सिस्टर किचनमध्ये होती." विनीतसाहेबांनी ब्युरोला फोन केला. शब्द अगदी खरे होते. एक शब्द खोटा नव्हता! फक्त किचनमध्ये का होती, ते त्यात नव्हतं. बशीचं तर नावच नाही.

प्रिती मॅडमनी रुपालीला ड्युटी न देता घरी बसवूनच ठेवलं. "जा, माफी माग त्यांची. ते शांत झाले तर बघते काही. नाहीतर माझ्याकडे यायचं नाही, आणि रेफरन्स तर विसरच."

"मी कशाची माफी मागू रे?" रुपाली मला म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजच कोरडा पडला होता. "साडीच्या दुकानात गिऱ्हाईक साडी फाडायचं आणि शेठ माझा पगार कापायचा. तिथून सुटायला शिकले ना मी? मग हे काय वेगळं झालं?"

तरी गेली. आकांक्षाची दहावी समोर होती. मी बरोबर गेलो.

तेरावं झालं होतं. घरात विनीतसाहेब, अनुजा मॅडम, आजी आणि मनमोहनकाका. कोणी बसा म्हणालं नाही. रुपाली उभ्यानेच म्हणाली, "साहेब, झालं त्याबद्दल मला खूप वाईट वाटतं."

"वाईट वाटून बाबा परत येणारेत?" विनीतसाहेब भडकले. "चोवीस तास माणसं ठेवली होती आम्ही! कशासाठी? तुम्ही तुमच्या जागेवर का नव्हता?"

रुपालीने मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"विनू, तिची जागा कुठली होती रे?"

नलूआजी. त्या घरात मी त्यांना फार बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आई, तू नको मध्ये..."

"नाही, सांग ना. तिची जागा कुठली? कारण मी तर तिला रोज ओट्यापाशी बघत होते. कोणी पाठवलं तिला तिकडे?"

अनुजा मॅडम म्हणाल्या, "आई, चहाच तर सांगितला होता. त्यात एवढं काय? घरात बाई माणूस असलं की आपण..."

"घरात बाई माणूस!" आजी ताडकन म्हणाल्या. "ती नर्स होती, अनुजा! तुझ्या बँकेतली मॅनेजरीणबाई बाईच आहे ना? तिला सांगतेस चहा टाकायला? आणि हा मयूर. ह्याचं शिक्षण तेच, काम तेच. ह्याला सांगितलास एकदा तरी?"

"तो पुरुष माणूस..."

"मग तू आणि मी दोघी कोण गं? आपण दोघी बायकाच! निदान आपल्याला तरी कळायला नको?"

आजी थांबल्या नाहीत.

"तिने पुठ्ठा लावला, आपण काढला. तिने बसते म्हटलं, आपण उठवलं. आणि बशी कोणी लावली ते का नाही सांगत कोणी? मनमोहनने लावली. आणि मी बघत होते! मला वाटलं, पिऊ दे. किती दिवसांत चव नाही जिभेला, एका घोटाने काय होतंय. ती तिथे असती ना, तर तिने आमच्या दोघांचे हात धरले असते. तिला आम्ही भजी तळायला पाठवलं होतं. माझा नवरा माझ्यादेखत गेला, आणि माफी ह्या पोरीने मागायची?"

मनमोहनकाकांनी तोंड ओंजळीत लपवलं. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. विनीतसाहेब खाली बसले. मग त्यांनी फोन उचलला आणि आमच्यासमोर प्रिती मॅडमना म्हणाले, "तक्रार मी मागे घेतो. सिस्टरची चूक नव्हती. आमची होती. हो, आमचीच."

अनुजा मॅडम रुपालीजवळ आल्या. "सिस्टर, सॉरी. मला खरंच कधी सुचलंच नाही..."

"तेच तर ना ताई," रुपाली म्हणाली. "सुचलं असतं तर आजोबा असते."

एवढंच बोलली आणि चप्पल घालून निघाली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की चांगलं. कसलं चांगलं? प्रिती मॅडमनी तिला परत घेतलं, पण हळूच म्हणाल्या, "बघ, पुढच्या घरात जरा गोड वाग." माणूस गेलं तरी धडा शिकायचा तो रुपालीनेच!

मित्रांनो, ताईंनो, तुमच्या घरात कधी नर्स आली तर एवढं करा. ती ज्या कामाला आली आहे, ते काम तिला करू द्या. चहा करणं कमीपणाचं नाही, मीही करतो. पण पेशंटजवळून नर्सला उठवणं म्हणजे चालत्या गाडीतून ड्रायव्हरला उठवणं आहे. आणि ती बाई आहे म्हणून तुम्ही तिला उठवता, हे स्वतःशी तरी कबूल करा. आजारी माणसावर प्रेम सगळ्यांचंच असतं. मनमोहनकाकांचंही होतं. प्रेम असलं म्हणून नर्सिंग येत नाही. ते शिकावं लागतं, आणि कोणीतरी छत्तिसाव्या वर्षी, सासूचे टोमणे ऐकत, ते शिकून तुमच्या दारात आलेलं असतं.

त्या दिवशी गिरगावातून निघाल्यावर रुपाली बस स्टॉपवर थांबली. म्हणाली, "शेठचा फोन होता. दुकानात परत ये म्हणाला. विचार करतेय."

"वेडी आहेस का तू?"

"तुला नाही कळणार, मयऱ्या. तू आत गेलास की ते ब्रदर म्हणून खुर्ची सरकवतात. मी गेले की गॅस दाखवतात. मी बोलले तर ते तोंड चालवणं होतं. तू बोललास तर ऐकतात."

खरंच होतं.

बस आली. ती चढायला लागली. मी तिला थांबवलं आणि जे बोललो, तेच सगळ्यांसमोर परत लिहितो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

रुपाली, तू सोडू नकोस. तुला माझं वचन आहे. ह्यापुढे ज्या घरात मी पाय ठेवीन, तिथे पहिला प्रश्न हाच विचारीन: दिवसाची सिस्टर पेशंटजवळ बसते की किचनमध्ये? आणि उत्तर चुकलं, तर ती ड्युटी मी घेणार नाही. मग ब्युरो राहो नाहीतर जावो.