तिला हादरा बसू नये म्हणून

मी बोलतेय ती पत्र्याच्या शेडमधली जुनी जीप. चारही चाकांनी चढ चढणारी म्हणून माझा कोण तोरा होता. आता नुसती उभी असते. ऐकणारं कुणी भेटलं की मन मोकळं करावंसं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला, पण संसार झाला एका मोजणीदाराच्या घरी. मालक डोंगरातल्या रस्त्यांची आखणी करायचे. जिथे रस्ता नाही तिथेच आमचं काम. सुट्टीला बाजूच्या सीटवर बाई, म्हणजे मालकांची बायको, असायच्या. त्या शिक्षिका, आवाज खणखणीत. तरी माझ्या डिझेल इंजिनापुढे त्यांचीही डाळ शिजत नसे.

"काय म्हणालीस?" मालक ओरडून विचारत.

"घरी गेल्यावर सांगते," बाई ओरडूनच उत्तर देत. घरी गेल्यावर बहुधा ते राहूनच जाई.

मालक निवृत्त झाले आणि बाईंच्या मणक्यात दुखणं शिरलं. बरं होणारं नव्हतं ते. दवाखान्यातून परतताना माझी थरथर त्यांच्या पाठीत उतरायची आणि त्या ओठ दाबून बसायच्या. एकदा दारात उतरताना म्हणाल्या, "अहो, यापुढे हिच्यात नको. टेकडीमागचं तळं एकदा बघायचं होतं, पण राहू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी मेहुण्याला फोन लावला.

थोड्याच दिवसांत बाईंचा भाऊ आला. जळालेल्या मोटरी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गोदामात ओझी उचलणाऱ्या एका मोडक्या गाडीची विजेची मोटर तो घेऊन आला होता.

"भाऊजी, सरळ नवी विजेची गाडी का घेत नाही?"

"तळ्याच्या वाटेवर ती पोट टेकेल. तिथे हीच जाणार."

दोघांनी मला उघडलं. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा इंजिनापासून सोडवला आणि तिथे मोटर बसवली. मागची चाकं डिझेलवरच राहिली. मागची बाकं काढून बॅटऱ्या ठेवल्या. सपाटीला नुसती वीज, अवघड चढाला दोन्ही, असा बेत.

काम लांबत गेलं. बाईंची खाट खिडकीशी आणली होती. तिथून दिसणारा चेहरा दिवसेंदिवस बारीक होत होता. मालकांच्या हातून पाना निसटायचा. घाई कसली, ते मलाही कळत होतं.

पहिल्या चाचणीला तारा उलट जोडल्या गेल्या. मागची चाकं पुढे निघाली, पुढची मागे. मी जागच्या जागी धुरळा उडवत राहिले.

"अगदी आपल्या संसारासारखी झाली हो गाडी," बाई खिडकीतून म्हणाल्या. मेहुणा हसून खालीच बसला. मालकही हसले, मग तोंड फिरवून बराच वेळ हात पुसत राहिले.

अखेर निघालो. चाकाखालचे खडे ऐकू येत होते, इतकी मी शांत होते. बॅटऱ्यांच्या वजनाने माझं उडणंही कमी झालं होतं. बाई सबंध वाट बोलत होत्या. शाळेतल्या गोष्टी, रागाच्या गोष्टी, कधीच न सांगितलेल्या. मालक नुसतं "हं" म्हणत. शेवटच्या चढाला इंजिन लावावं लागलं, तेव्हा त्यांनी एक हात बाईंच्या पाठीमागे धरला होता.

तळं बघून परतताना उतारावर मालकांनी सांगितलं, "आता चाकंच मोटर फिरवतात. थोडी वीज परत मिळते."

"म्हणजे उतारवयातही काहीतरी हाती लागतं म्हणायचं," बाई म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, विकून टाका. उभ्या उभ्या गंजेल."

"बघू," मालक म्हणाले. ते मला विकतही नाहीत, चालवतही नाहीत. दर आठवड्याला येतात, चार्जिंगची वायर लावतात, बॅटऱ्या भरेपर्यंत स्टुलावर बसतात आणि शेडचं दार ओढून निघून जातात. माझ्यात तळ्यापर्यंत जाऊन यायची ताकद भरलेली असते आणि समोर भिंत असते.

काल मात्र त्यांनी माझं दार उघडलं. मला वाटलं, निघालो. पण ते चालकाच्या जागी बसलेच नाहीत. बाईंच्या सीटवर बसले, काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत.

मालक, मला हाक मारता येत नाही. तरी सांगते, थोडं पलीकडे, चालकाच्या जागी सरका. बाईंची जागा रिकामीच राहील, मला ठाऊक आहे. तुम्ही बोला. वाटेत मी आवाज करणार नाही.