साच्यातून न सुटलेली बोटं

दचकू नका, मित्रांनो! मी एक जुना लाकडी हात आहे. मनगटापासून पुढचा, नुसता हात. मला ना खांदा, ना डोकं, तरी आठवणी मात्र ढीगभर. माझी करंगळी आत वळलेली आहे, मधली दोन बोटं एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत आणि अंगठा तर असा आखडलेला की कुणाला 'शाब्बास' म्हणून दाखवायचं ठरवलं तरी जमणार नाही. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हळहळतो, "अरेरे, बिघडला वाटतं हा." बिघडलोय वगैरे काही नाही हं मी! मला मुद्दाम असंच घडवलंय.

मला घडवलं मामांनी. मामा सुतार होते. त्यांची भाची, जिला पुढे सगळे ताई म्हणू लागले, तिला एका छोट्या कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती. ज्यांच्या हातात जोर उरलेला नाही अशा माणसांसाठी घरातल्या वस्तू बनवायच्या, हे त्या कंपनीचं काम. वस्तूचा आकार कसा असावा, मूठ कुठे असावी, झाकण कसं उघडावं, हे ताई ठरवायची. आणि ते ठरवताना तिच्या डोळ्यांसमोर एकच हात असायचा, तिच्या आईचा. सांधेदुखीने आईची बोटं वाकली होती.

"मामा, आईचा हात काही मी रोज ऑफिसला नेऊ शकत नाही. मला अगदी तस्साच एक करून दे ना," असं म्हणून ती मामांच्या मागेच लागली. मग काय! आई मामांच्या दुकानात भुश्शात पाय ठेवून बसली, हात फळीवर ठेवला आणि मामा दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून मला कोरू लागले.

"हलू नकोस गं."

"हलत नाहीये. तो आपोआप थरथरतो. आणि काय रे, जरा सरळ तरी कर बोटं! लोक बघतील."

"लोकांनी बघावं म्हणूनच करतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी माझी करंगळी आणखी थोडी आत वळवली.

अशी माझी जन्मकथा. आता नोकरीचं सांगतो. खरंच सांगतो मित्रांनो, ते दिवस म्हणजे नुसती धमाल! सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. खालून हवा भरायच्या पंपाचा फुस्स आवाज यायचा आणि वर तिघं जण एका टेबलाभोवती बसायचे. टेबलाच्या मधोमध कोण? मी! माझं मनगट एका स्क्रूवर फिरायचं. कुणी भाजीची सालं काढायचं नवीन सोलाणं बनवो, बरणीचं झाकण बनवो की चहाचा मग बनवो, ते पहिल्यांदा माझ्या बोटांत अडकवायचं, मनगट फिरवायचं आणि बघायचं, पडतंय की राहतंय. त्या वेळी ताईचा एक कडक नियम असायचा. ज्याने वस्तू बनवली त्याने अवाक्षर काढायचं नाही.

"अगं पण ताई, ते असं तिरकं धरलं ना की…"

"गप्प! घरी जाऊन गिऱ्हाइकाला समजावणार आहेस का तू? वस्तूचं काय ते वस्तूच सांगेल."

त्या तिघांत एक होता, त्याचं नाव सगळ्यांनी शंकासूर ठेवलं होतं. उंच, वाळका, आणि तोंडात सदा शंका. "हात ओला असला तर?" "अंधार असला तर?" "दुसऱ्या हातात काठी असली तर?" एकदा ताई वैतागून म्हणाली, "आता हातच नसला तर, एवढं विचारायचं राहिलंय!" तर हा पठ्ठ्या म्हणतो, "चांगला मुद्दा आहे, लिहून ठेवतो." सगळे हसून लोटपोट! पण त्याच्या शंकांमुळेच पहिलं सोलाणं एवढं झकास झालं की दुकानदार पुन्हा पुन्हा मागवू लागले.

रविवारी ताई मला पिशवीत घालून आईकडे न्यायची आणि आईच्या हाताशेजारी ठेवून बघायची. आई दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. छोटं स्वयंपाकघर, खिडकीत एक खुर्ची, आणि शेगडीशेजारी पितळेचं जड पातेलं. त्यातून पाणी ओतताना आईचा हात असा काही थरथरायचा की मी लाकडाचा असूनही शहारायचो.

एका रविवारी ताईचा मोठा भाऊ, दादा, तिथे आला होता. त्याने आईच्या हातून पाणी सांडताना पाहिलं.

"बास झालं आई. माझ्याकडे चल. तुझी खोलीसुद्धा तयार आहे."

"खोली नको मला. माझं घर आहे."

"अगं, तुझ्याच्यानं पातेलं उचलवत नाही!"

"माझा चहा मला करता येतोय, तोवर मी इथून हलणार नाही. ज्या दिवशी तो जमणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिकडे येईन. झालं समाधान?"

दादा ताईकडे वळला. "तू तरी सांग हिला."

ताईने सांगितलं ते भलतंच. ती म्हणाली, "आई, मी तुला किटली करून देते. तुझ्या हातासाठी. तुला कुठे जायला नको."

आईने माझी करंगळी चिमटीत धरून हलवली, जणू माझ्याशी सौदा पक्का केला. तेव्हापासून, मित्रांनो, मला ठाऊक होतं की किटली म्हणजे नुसती किटली नाही. ती जमली तर आईचं घर राहणार, नाही तर नाही.

पण मधेच आमची कंपनी मोठी झाली! कशी झाली ते मला विचारू नका. खूप माल खपला, मग खूप माणसं आली. सायकलच्या दुकानावरची खोली सुटली आणि आम्ही लिफ्ट असलेल्या इमारतीत गेलो. मालकांनी ताईला सांगितलं, "आता तू एकटीने चित्रं काढून भागणार नाही. चित्रं काढणारी माणसं तयार कर." आणि ताईने खरंच केली हो! मुठीची एक टीम, झाकणांची एक, रंगांची एक, अशा बारा टीम्स उभ्या राहिल्या. नव्या मुलांना ती शेजारी बसवून शिकवायची. पहिलं काम फसलं म्हणून कुणी रडवेलं झालं, तर स्वतःची फसलेली झाकणं काढून दाखवायची. माणसांच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकणार नाही. पण दिवस तेवढाच, आणि माणसं वाढतच चाललेली. सकाळी मुलाखती, दुपारी बैठका, संध्याकाळी बैठकीत काय ठरलं त्याची बैठक. हळूहळू 'ताई'ची 'मॅडम' झाली. तिच्या टेबलावर पूर्वी लाकडाच्या ढलप्या असायच्या, आता तिथे पाण्याची बाटली आणि तीन चार्जर असायचे.

"मी शेवटचं काही बनवलं कधी रे?" तिने एकदा शंकासुराला विचारलं.

"माणसं बनवतेस की," तो म्हणाला. ती हसली. मला मात्र ते हसणं आवडलं नाही.

आणि मग माझ्याच बाबतीत घोळ झाला. टीम्स बारा आणि हात एक! सगळे मलाच मागायचे. भांडणं व्हायची. तेव्हा ठरलं की माझ्यासारखे बारा हात प्लास्टिकचे ओतून घ्यायचे, प्रत्येक टीमला एक. किती छान ना? मला तर फार आनंद झाला, एकदम बारा भावंडं!

भावंडं आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आणि काय सांगू, अगदी देखणी. बोटं सरळ! अंगठा ताठ! शंकासुराने एक हात उचलला आणि तो तडक ताईकडे गेला. मी तिथेच टेबलावर होतो.

"ताई, ही बोटं सरळ आहेत."

"हो, साचेवाल्याचा फोन आला होता. म्हणाला, वाकडी बोटं साच्यातून सुटत नाहीत, अडकून मोडतात. म्हणून त्याने जरा सरळ केली."

"जरा? हा कुणाचा हात आहे मग?"

"अरे, एकोणीस-वीस चालायचंच. आकार तोच आहे, माप तेच आहे. बारा टीम्स खोळंबल्यात माझ्या. पुढच्या खेपेला बघू ना." तिचा फोन वाजत होता. बाहेर मुलाखतीला आलेली मुलगी वाट बघत उभी होती. "आणि फोटोतही छान दिसतायत बघ."

पूर्वी शंकासुराच्या शंकेवर तिघंही भांडायचे, ओरडायचे. आता भांडायलाही कुणाला सवड नव्हती. काही दिवसांनी तो दुसरीकडे नोकरीला गेला. जाताना त्याने माझ्या मनगटाचा सैल झालेला स्क्रू पिळून घट्ट केला.

माझं काय झालं? माझा मान वाढला! मला काचेच्या पेटीत घालून प्रवेशद्वाराशी ठेवलं. खाली पाटी, 'आमची सुरुवात'. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, "किती हृदयस्पर्शी!" म्हणायचे आणि लिफ्टकडे वळायचे. मित्रांनो, अडगळीत पडलेल्यांची दुःखं तुम्ही खूप ऐकली असतील. पण रोज कौतुक होतंय आणि काम मात्र कुणी सांगत नाही, हे दुःख काय असतं ते काचेत बसल्याशिवाय कळत नाही.

आत किटली बनत होती. आईची किटली! कोण किती झटत होतं ते मला येता-जाता ऐकू यायचं. मुठीच्या टीमने मूठ केली, झाकणाच्या टीमने झाकणाचं बटण केलं, आणि प्रत्येक टीमने आपापल्या टेबलावरच्या हातात ती धरून पाहिली. बाराही हातांनी पास केली. कुणीच कामचुकार नव्हतं, बरं का. सगळ्यांनी अगदी मन लावून चुकीच्या हाताला विचारलं होतं.

"रविवारी आईकडे नेऊन बघते," असं ताई म्हणायची. पण एका रविवारी नवं ऑफिस बघायचं होतं, एका रविवारी परदेशी पाहुणे. शेवटी किटली बाजारात गेली त्या दिवशी तिने पहिली किटली कुरिअरनेच आईकडे धाडली. सोबत रिबीन, आणि चिठ्ठी, 'आई, तुझी किटली.'

पुढचं सांगताना माझ्या लाकडालाही चीर पडेल असं वाटतं. एका सकाळी ताई दारातून आत येत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती माझ्या काचेला टेकूनच उभी राहिली. पलीकडून दादाचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू आलं.

"आईच्या पायावर उकळतं पाणी पडलं. तुझ्या त्या किटलीतून. तिचा अंगठा पोचतच नाही गं झाकण दाबून धरायच्या त्या बटणापर्यंत! मुठीत बोटं अडकवून तिने किटली तिरकी केली, आणि झाकणच उघडलं."

"आता कशी आहे?"

"दवाखान्यात आहे. पाय बरा होईल म्हणतात." मग त्याचा आवाज खाली आला. "ती स्वतःच म्हणाली, तुझ्याकडे येते म्हणून. मी काही बोललोसुद्धा नव्हतो."

ताईने फोन ठेवला. तिने काचेची पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि तशीच एका टीमच्या खोलीत गेली. तिथला पांढरा हात माझ्याशेजारी ठेवला. मुलं गोळा झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटलं, तो काचेतला हात तुटलेला आहे."

ताई तिला रागावली नाही. तिने मालकांना सांगून किटली बंद करायला लावली, विकलेल्या परत मागवल्या, आणि जिन्यात बसून शंकासुराला फोन लावला. "तुझी शंका खरी होती रे," म्हणून तिने आईच्या पायाचं सांगितलं. तो विचारत होता, "आईंचा पाय कसा आहे?" आपण खरे ठरलो याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

मग ती मला दादाच्या घरी घेऊन गेली. आईची खोली स्वच्छ होती, उजेड होता, उशा नव्या होत्या. वहिनीने चहा आणून दिला, बशीत बिस्किटंही होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं. फक्त, पाणी उकळल्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून यायचा.

ताईने पिशवीतून मळलेली माती काढली. "आई, हात दे. नीट साचा घेते. मामा नाहीत आता, मीच घेते. बोटं अजिबात सरळ होऊ देणार नाही. नवी किटली करू, मग तू परत…"

आईने हात पुढे केला आणि माझ्याशेजारी ठेवला. आणि मित्रांनो, मी पाहिलं. मी तिच्यासारखा उरलोच नव्हतो! तिची करंगळी पार तळव्यात गेली होती. अंगठा तर नावालाच होता. काचेत मी बसलो होतो त्या सगळ्या दिवसांत तिचा हात पुढे गेला होता आणि मी तिथेच राहिलो होतो. किटली माझ्या बोटांत धरून पाहिली असती तरी कोण जाणे काय झालं असतं.

आई मला निरखून बघत होती. "हा माझा हात?" ती म्हणाली. "किती चांगला होता गं तेव्हा! आणि मी मामाला म्हणत होते, सरळ कर."

ताईच्या हातात माती तशीच होती.

"ठेव ते," आई म्हणाली. "आता किटली कशाला? इथे चहा आयता मिळतो." आणि तिने हात पांघरुणाखाली घेतला.

तरीही ताईने साचा घेतलाच, आई झोपल्यावर नाही, आईला विचारून, दुसऱ्या दिवशी. आता बारा टीम्समधली मुलं पाळीपाळीने आईसारख्या माणसांच्या घरी जातात आणि त्यांच्या हातात वस्तू देऊन गप्प बसतात. आईचं घर मात्र रिकामं झालं. पितळेचं पातेलं कुणाला तरी देऊन टाकलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्या हाताखाली माणसं येतील, तुम्ही फार फार बिझी व्हाल. माझ्यासारखे हात खुशाल बनवा, बारा बनवा, शंभर बनवा. पण ज्याच्यासाठी बनवता, त्याचा हात अधूनमधून स्वतःच्या हातात घ्या. आणि मला जपा, असं काही मी म्हणणार नाही. मी लाकडाचा, मला काय धाड भरलीय? मी आहे तसाच राहीन. आईचा हात तसा राहत नाही.