लाँचवरचा पाण्याचा काटा

भरल्या नदीत काठाला लागलेल्या लाँचवर एखाद्या माणसाला कोणी पाणीचोर म्हणावं? उकंडाला म्हटलं. ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आठवलं की आजही जाते. कारण ज्या काट्यानं त्याला चोर ठरवलं तो काटा मी, रहमत मिस्त्रीनं, माझ्या हातानं बसवला होता.

साल एकसष्ट. दसरा होऊन गेला तरी पैनगंगा भरलेली होती. नदीची मोजणी करायला सर्वेची इंजिनाची लाँच आली होती. तिच्यावरच्या ओव्हरसिअरसाहेबांना नदीचं गढूळ पाणी चालत नसे. म्हणून लाँचमध्ये एक लांबट लोखंडी टाकी आडवी ठेवलेली, नाकाकडून शेपटाकडे, आणि तिच्यात पांढरकवड्याच्या विहिरीचं उकळलेलं पाणी. किती पाणी उरलं हे झाकण न उघडता दिसावं, असा साहेबांचा हट्ट. तालुक्यातल्या कापसाच्या जिनिंगच्या टाक्यांवर असले काटे मीच बसवले होते, म्हणून मला बोलावणं आलं. काम सोपं. तांब्याचा पोकळ फुगा पाण्यावर तरंगतो, त्याची दांडी बाहेरच्या पत्र्यावर काटा फिरवते. पाणी उतरलं की फुगा उतरतो, काटाही उतरतो.

"साहेब, फुगा टाकीच्या मधात टाकतो," मी म्हणालो.

"मागच्या टोकाला टाक. काटा मला खुर्चीवरून दिसला पाहिजे."

मी मान डोलावली. जिनिंगची टाकी चौथऱ्यावर बसली की जन्मभर हलत नाही. लाँच कलते, हे कोरड्या गावात आयुष्य काढलेल्या मिस्त्रीच्या डोक्यात यावं कुठून? असं मी पुढे स्वतःला पुष्कळ समजावलं. पण खरं सांगायचं तर साहेबाशी कोण वाद घालेल, म्हणूनही मी गप्प बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून दे. गेलो, तर सुकाणूवर उकंडा नाही. उकंडा त्या घाटावरचा नावाडी. वीस वर्षं डोंग्यातून माणसं पार करत आला, पुरात अडलेल्या बाया त्यानं पलीकडे पोचवल्या. नदीचा तळ त्याला पाठ, म्हणून तर साहेबांनी त्याला लाँचवर घेतलं होतं.

"हाकलून दिला," साहेब म्हणाले. "काल सकाळी काटा वर होता. आम्ही दिवसभर काठावर मोजणीला, इथे हा एकटा. संध्याकाळी पाहतो तर काटा दोन रेघा खाली! विकलं असणार गावात. चारचौघांत सांगितलं त्याला, तू चोर आहेस म्हणून."

नदीकाठच्या गावात पाणी विकलं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ते चारचौघांत सांगितलेलं रात्रीतून गावभर झालं होतं. सकाळी मी घाटावरून आलो तेव्हा उकंडाचा डोंगा रिकामा बांधलेला होता. ज्याला चोर म्हणतात त्याच्या डोंग्यात पाय कोण ठेवणार?

"साहेब, झाकण उघडून कोणी पाह्यलं?"

"कशाला? काटा आहे ना!"

मी झाकण बाजूला केलं. टाकी चांगली भरलेली. पट्टी पुढच्या टोकाला बुडवली, मग मागच्या. पुढे पाणी जास्त, मागे कमी, आणि टाकी एकच! मान वर करून पाहिलं. लाँचच्या नाकाशी हद्दीचे दगड रचलेले होते, काल दुपारी साहेबांनीच उकंडाला चढवायला लावलेले. लाँच नाकावर झुकली होती. पाणी पुढे सरकलं होतं आणि मागचा माझा फुगा खाली बसला होता.

"साहेब, जरा उठा अन् पुढं त्या दगडापाशी जाऊन उभे राहा."

साहेब अंगानं भरलेले. कुरकुरत गेले. काटा आणखी एक रेघ खाली आला.

"पाहा साहेब," मी काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "एक रेघ पाणी तुमी बी चोरलं!"

काठावरचे लोक हसले. साहेब लालबुंद होऊन खुर्चीत येऊन बसले, तसा काटा रेघभर वर आला. "बरं, बरं. ये म्हणावं त्याला कामावर."

"अन् माफी?"

"कसली माफी? गैरसमज झाला."

माणसाची अब्रू गेली, आणि यांचा गैरसमज झाला!

उकंडा काठच्या वाळूत हातानं झिरा उकरत होता. वाळूतून गाळून येणारं ते पाणी आम्ही सगळेच पितो. मी धापा टाकत म्हणालो, "उकंडाभाऊ, सुटला तू! मी साबित करून देल्लं. साहेब कामावर बलावते."

त्यानं वर पाहिलं नाही. "त्या टाकीचं पाणी म्या एक डाव तोंडात घेतलतं. लोखंडाचा वास येते. थुकून देल्लं. काल साऱ्यायच्या समोर साहेबाले हेच सांगतलं. आयकलं कोणी?"

"नाही."

"आज तुह्या काट्यानं सांगतलं तं आयकलं." झिऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं माझ्यापुढे धरलं. "पे. तुह्यावर राग नाही माहा. पण मी नाही जात."

ते पाणी मी माझ्या ओंजळीत घेऊन प्यायलो. तसाच लाँचवर परत गेलो, पाना काढला आणि काटा, दांडी, फुगा सगळं खोलून पिशवीत भरलं. साहेब उभे राहिले. "अरे, मग टाकीत पाणी किती आहे हे सांगणार कोण?"

"उकंडाले विचारा," मी म्हणालो. "तो कालही खरंच सांगत होता."

साहेबांनी घाटाकडे पाहिलं. उकंडाचा डोंगा पैलतीराकडे निघाला होता. मघाशी काठावर हसलेल्यांपैकी पाच जण त्यात बसले होते.