बिनतुपाची शिदोरी

पहिल्यांदा बांधलेली पिशवी साडेसात किलो भरली. गुलसिफतने शाळेच्या खानावळीतून आणलेल्या काट्याकडे डोळे वटारून पाहिलं, पिशवीतून जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी काढली आणि पिशवी पुन्हा आकड्याला टांगली. सहा किलो आठशे.

"नान, मुअल्लिम तीन म्हणालेत," उंबऱ्यात बसून बुटांना नाड्या ओवता ओवता तिची लेक अंझुरत आईला म्हणाली. "पाच दिवसांचे मिळून तीन. तू तर वऱ्हाड जेवायला घालायला निघालीस."

"तुझ्या मुअल्लिमना म्हणावं, तीन किलोत माझी कोंबडीसुद्धा पाच दिवस काढत नाही."

"कोंबडीला खिंड चढायची नसते."

पोरीच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ती जीभ कुठून आली हे गुलसिफतला चांगलं ठाऊक होतं. ती पिशवीतून बटाटे काढायला लागली.

गुलसिफत शाळेच्या खानावळीची स्वयंपाकीण. तिच्या हातचा शोरबा मिळावा म्हणून तपासनीस बरोबर जेवणाच्या वेळेलाच तपासणीला येतात, असं अख्खं बर्तांगचं खोरं म्हणतं. पण नवरोजच्या दिवशी तिच्याच पोरीने वाडगा बाजूला सारला आणि सांगितलं, आजपासून मांस नाही, दूध नाही, तूप नाही. का, तर "मला माझ्या पोटासाठी कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नाही." एवढंच. आमच्याकडे सकाळचा मिठाचा दूधचहा, वर तुपाचा गोळा, हे जो पीत नाही तो एक तर आजारी असतो नाहीतर रुसलेला. शेजारणी दोन्ही चौकशा करून गेल्या. बाप रशियातून फोनवर म्हणाला, येईल चार दिवसांत ताळ्यावर. त्याला आता पाच महिने होत आले होते.

आणि आता ही मोहीम. शाळेचे मास्तर, मुअल्लिम अलिबख्श, बारा मुलांना घेऊन खिंडीपलीकडच्या तळ्यावर जाणार होते. पाच दिवस चालायचं, तंबूत झोपायचं. चूल एकच, तीही सकाळ-संध्याकाळ पाणी उकळण्यापुरती. म्हणजे वाटाणे, राजमा, बटाटे, सगळे बाद. बाकीच्या घरांतून सुकं मांस, तूप, वाळवलेल्या दह्याचे गोळे निघणार होते, त्यांना कसली काळजी? अंझुरतबद्दल मात्र मुअल्लिम गुलसिफतला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आपा, राग मानू नका. खिंड तुपावर चढतात. पोरगी कोरड्या रोटीवर मधेच बसली तर बाकीच्या अकरा जणांना मी कुठे ठेवू? शनिवारी सकाळी शिदोरी बघीन, मग ठरवीन."

अंझुरतने वर्षभर दुसरं स्वप्नच पाहिलं नव्हतं. ती काही बोलायची नाही, पण रोज संध्याकाळी दगड भरलेली पाठपिशवी लावून पाटाच्या कडेने वरच्या चढणीवर जाऊन यायची. ते बघत गुलसिफत तिला चालेल असा एखादा पदार्थ मनात शोधायची. तिला जे जे रांधता येत होतं, त्या सगळ्याच्या बुडाशी तूप होतं.

"पिख्त दे तिला," वरून आवाज आला.

सासरा, दोदिखुदो, गच्चीवर तुती वाळवत बसला होता. धुराड्याच्या भोकातून घरातलं सगळं बोलणं त्याला ऐकू जायचं आणि तो ते लपवायचाही नाही.

"बोब, माझं नाक कापायचंय का तुम्हाला?" गुलसिफत शिडीवरून अर्धी वर आली.

पिख्त म्हणजे वाळक्या तुतीचं पीठ. दुष्काळाच्या सालांत आमच्याकडची घरंच्या घरं त्याच्यावर जगली, आणि म्हणूनच गव्हाच्या पिठाचं एक पोतं घरात आलं की माणसं पिख्तचं मडकं दारामागे ढकलतात. पाहुण्याला ते वाढत नाहीत. प्रवासाला निघालेल्या पोराला तर मुळीच देत नाहीत, देणारा आपल्या रिकाम्या कणगीची दवंडीच पिटतो. गुलसिफत गावातल्याच दुसऱ्या घरातून नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा 'पिख्तखाऊंची पोर' हा टोमणा तिने वर्षभर ऐकला होता.

"नाक कापलं तरी माणूस चढतो, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "पोट रिकामं असलं की चढत नाही. मी एका थैलीवर सहा दिवस रानबकऱ्याच्या मागे हिंडलोय."

"मिळाला बकरा?"

"मिळाला असता तर सहा दिवस पिख्त कशाला खाल्लं असतं?"

खाली अंझुरत खो खो हसली. गुलसिफतलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"तू कुणाला चाखल्याशिवाय वाढत नाहीस ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "मग हेही चाख."

"चाखलंय. गोड असतं."

"जिभेने नाही. पायांनी चाख."

हे मात्र तिच्या मनाला लागलं. वीस वर्षांत तिने एक पातेलं न चाखता मुलांपुढे ठेवलं नव्हतं. तिने ठरवलं, गुरुवारी आपण आणि अंझुरत, दोघींनी खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर हीच शिदोरी. नाही जमलं तर पोरीला आपणच समजवायचं, मुअल्लिमच्या तोंडून नको.

बुधवारी तिने अक्रोड कुटले, जर्दाळूच्या गोड बिया भाजून कुटल्या, आणि ते सगळं पिख्तमध्ये मळून दाबलं. माणशी एका दिवसाचा वाटा दोन मुठींत मावला. काट्यावर सव्वापाचशे ग्रॅम. तिने तो गोळा तळहातावर ठेवून वरखाली करून पाहिला. एवढ्याशात अख्खा दिवस मावतो? तिचा विश्वास बसेना.

बसला नाही म्हणून तर गुरुवारी पहाटे, अंझुरत तोंड धुवायला पाटावर गेली तेव्हा, गुलसिफतने तिच्या वाट्यात तीन चमचे तूप मिसळलं. आईचं काळीज म्हणा, नाहीतर स्वयंपाकिणीची खोड म्हणा. स्वतःचा वाटा तिने तसाच ठेवला. आपण खाल्लं काय नि नाही काय, पोरगी चढायला हवी. गोडात तुपाचा वास दबतो, असं तिने स्वतःला बजावलं आणि दोन्ही पिशव्यांची तोंडं आवळली.

उन्हं यायच्या आत त्या गावाबाहेर पडल्या. पाटाच्या कडेकडेने वाट कड्याला बिलगून जात होती, मग घसरड्या दगडांची चढण, मग कुरण. कुरण गुलसिफतच्या ओळखीचं. लग्नाआधी दर उन्हाळ्यात ती तिथे दूध घुसळायला असायची. पण बायका तिथेच थांबतात. त्याच्या वर शिकारी जातात.

झऱ्यापाशी अंझुरत म्हणाली, "नान, खाऊन घे." गुलसिफतने गोळ्यातला तुकडा तोडून चघळला, वर ओंजळभर पाणी प्यायली. अंझुरत जरा पुढे, तिच्याकडे पाठ करून एका दगडावर बसली. तिने पिशवी सोडली, हात तोंडाजवळ नेला, क्षणभर थांबली, आणि मग पिशवी बांधून ठेवली.

"झालं?" गुलसिफतने विचारलं.

"चल," अंझुरत म्हणाली.

पुढची चढण गुलसिफत जन्मात विसरायची नाही. पहिला तासभर ती कण्हत, कुंथत, मुअल्लिमला शिव्या घालत चढली. नंतर शिव्या थांबल्या, कारण पाय आपले आपण चालायला लागले होते. पोटात जडपणा नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. दर तासाला सुपारीएवढा तुकडा आणि घोटभर पाणी. पुढे अंझुरत दगड पारखत, पाय रोवत चालली होती आणि अवघड जागी मागे वळून हात देत होती. घरात जिला ताट उचलून ठेव म्हणून तीनदा सांगावं लागतं, ती ही? गुलसिफत तिच्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तशी पाहत राहिली.

दुपारी त्या खिंडीत पोचल्या.

गुलसिफत तोंड वासून उभी राहिली. पलीकडे तळं होतं. लोक सांगायचे निळं आहे, पण निळं म्हणजे असं, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यामागे बर्फाचे डोंगर, त्यांच्या मागे आणखी डोंगर, आणि कशालाच शेवट नव्हता. मग ती मागे वळली. खाली खोल नदीकाठी हिरवा ठिपका होता, ते गाव. तिने हात लांब करून अंगठा धरला. ज्या गावात ती त्रेचाळीस वर्षं राबली, रडली, भांडली, ते सगळं नखाखाली झाकलं गेलं. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीतही इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"बोब खरं सांगत होते," ती म्हणाली. तिने पिशवी उघडून पाहिली. निम्म्याहून जास्त गोळा शिल्लक होता! तिने तो दोन्ही हातांत धरला. झाडाखाली चादर धरून झोडपलेली तुती, पायाखाली चिरडली जाणारी, पोरं एकमेकांना फेकून मारतात ती. त्याच तुतीने एका जाड्या बाईला खिंडीत आणून उभं केलं होतं.

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तूप पोरीच्या पिशवीत होतं. बिनतुपाची चढली होती ती स्वतः.

तिचा चेहरा उतरला. खाली जाईपर्यंत गप्प बसता आलं असतं. शनिवारी सगळ्या गोळ्यांत थोडं थोडं तूप घालायचं, असं तिने कालच मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण त्या एवढ्या मोठ्या आभाळाखाली तिला ते जमेना.

"अंझुरत, तुझ्या वाट्यात मी तूप घातलंय."

"माहितेय."

"माहितेय? कधीपासून?"

"झऱ्यापासून. पाच महिने तूप खाल्लं नाही की वास लांबून येतो, नान."

"मग तू काय खाल्लंस?"

अंझुरतने पिशवी पुढे केली. गोळा अख्खा होता. त्याला दाताची खूणसुद्धा नव्हती.

"काहीच नाही?" गुलसिफत ओरडली. "पहाटेपासून? अगं, कोसळली असतीस तर! बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आपण भांडलो असतो, आणि तू तिथूनच मागे फिरली असतीस." अंझुरत दगडाला टेकून खाली बसली. "मी चढते का, हे बघायला आपण आलोच नव्हतो. मी रोजच चढते. पिख्तवर माणूस चढतो, हे तुला पटायला हवं होतं. तुझं तर पोट भरलेलं होतं ना? बिनतुपाचं?"

गुलसिफत तिच्यासमोर आली. तिने गुडघे टेकले, आपल्या गोळ्यातला तुकडा तोडला आणि लहानपणी भरवायची तसा पोरीच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. अंझुरत घाईघाईने खात होती, आणि आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पंधरा वर्षांची पोर उपाशीपोटी खिंड चढली होती आणि वाटभर आईलाच हात देत आली होती. असलं बळ कुठल्या पातेल्यात शिजतं, हे वीस वर्षांच्या स्वयंपाकिणीला ठाऊक नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा असं करणार नाही."

"बघू," तोंड भरलेलं असताना अंझुरत म्हणाली.

त्या 'बघू'ने गुलसिफतला दोन दिवस झोप लागू दिली नाही. शुक्रवारी तिने खलबत्ता राखेने तीनदा घासला, तुपाचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला आणि पाचही दिवसांचे गोळे नव्याने मळले.

शनिवारी शाळेच्या फाटकाशी निम्मं गाव जमलं होतं. मुअल्लिमनी अंझुरतची शिदोरी काट्याला टांगली. दोन किलो सातशे. त्यांनी एक पुडी उघडली, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं, "अगं बाई, पिख्त! खानावळीच्या कणगीत उंदीर शिरले वाटतं!"

"आपा," मुअल्लिम हळूच म्हणाले, "हे खिंडीपर्यंत पुरेल?"

"पुरतं," गुलसिफत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "परवा मी स्वतः हेच खाऊन खिंडीत जाऊन आलेय. तळं बघून आलेय."

"तुम्ही? खिंडीत?" मुअल्लिमनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी. आणि ही वर पोचली ती तेवढंही न खाता. आता सांगा, नेता की नाही?"

 मुअल्लिमनी वहीत खूण केली.

आता फक्त पिशवी पाठीवर जायची राहिली होती. गुलसिफतने सगळ्या पुड्या परत भरल्या आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून लेकीपुढे धरलं. 

"वास घेऊन बघ," ती म्हणाली.

अंझुरतने आईकडे पाहिलं. मग वास न घेताच तिने एक पुडी वाटेसाठी खिशात टाकली, पिशवीची नाडी ओढली, घट्ट गाठ मारली आणि ती पाठपिशवीत सगळ्यात तळाशी ठेवली, जिथून ती संध्याकाळी तंबू लावेपर्यंत निघणार नव्हती.

"येते, नान," ती म्हणाली, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.