चुन्यावर बोटीचा रंग

बंदराच्या टेकडीवरच्या क्लबच्या भिंतीवर दुपारचं ऊन आलं की एवारिस्तोला डोळे बारीक करावे लागत, इतकी ती पांढरी होती. त्या पांढऱ्याखाली काय आहे ते टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. एकाहत्तर साली भिंती रंगवत फिरणाऱ्या डाव्या पोरांच्या ब्रिगेडने तिथे चित्र काढलं होतं: बंदर, मासे आणि जाळं ओढणारी माणसं. दोन वर्षांनी लष्कराने सत्ता घेतली आणि भिंत पांढरी झाली. शिपायांनी रंग फासला असं लोक सांगत, आणि एवारिस्तोने ते कधी खोडलं नव्हतं.

आता भूकंपाने भिंतीला तडा गेला होता. गवंडी सोमवारी येऊन तिला सिमेंटने मढवणार होते. "चित्र खरोखर शाबूत आहे असं शुक्रवारपर्यंत दाखवा, मी सिमेंट न लावता आतल्या बाजूने आधार देतो," एवढं पालिकेचा इंजिनिअर बोलून गेला होता. म्हणून राजधानीतून, सान्तियागोहून, मिलाराय आली होती. रसायनशास्त्र शिकलेली, सव्वीस वर्षांची, कपाळावर भिंग बांधलेली मुलगी.

मंगळवारी टेकडीवरचीच म्हातारी फ्रेसिया तिच्यासाठी चहाचा थर्मास आणि अवोकाडो लावलेला पाव घेऊन पायऱ्या चढून आली.

"काय गं, भिंत साफ करतेस की तिचं ऑपरेशन?"

"ऑपरेशनच, फ्रेसियाबाई. पेशंट बोलत नाही, एवढाच फरक."

"मग याला विचार." फ्रेसियाने बाकावर बसलेल्या एवारिस्तोकडे हनुवटीने खूण केली. "हा होता ब्रिगेडमध्ये. बोलत हाही नाही म्हणा. अरे, जिवंत आहेस ना?"

"आहे, आहे. तुझा चहा प्यायला अजून सुरुवात नाही केली."

फ्रेसिया हसली. तिचा भाऊ इस्माएल ब्रिगेडमध्ये शेवटची काळी रेघ द्यायचा. कामाची वाटणी ठरलेली असे. एकाने आकृत्या आखायच्या, दोघातिघांनी मागचा रंग भरायचा, बाकीच्यांनी आकृत्यांमध्ये रंग भरायचा आणि सगळ्यात शेवटी एकाच हाताने सगळ्याला जाड काळी रेघ द्यायची. सही करायची नाही, हा नियम होता. एवारिस्तो मागचा निळा भरत असे.

"सही नसली म्हणून काय झालं?" मिलाराय पाव खात म्हणाली. "मी गोन्सालेस या जुन्या चित्रकाराच्या गुलाबांवर काम केलंय, पुठ्ठ्यावरच्या छोट्या चित्रांवर. तो इतका भराभर काढायचा, की ब्रशचा एक फटकारा पाहिला तरी त्याचा हात ओळखू येतो. तुमच्या भावाचा हात कसा होता?"

"तो होड्यांवर नावं रंगवायचा," फ्रेसिया म्हणाली. "त्यामुळे ब्रश उचलायचाच नाही. माशाच्या शेपटीपासून निघाला की डोळ्यापर्यंत एका दमात. वळणावर मनगट फिरवायचा, तिथे रेघ जाड व्हायची." तिने हवेत बोट फिरवून दाखवलं. "माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, पासपोर्टचा. त्याच्या हातचं मात्र काही नाही. हीच भिंत."

इस्माएलला त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात शिपायांनी घरातून नेलं होतं. तो परत आला नाही.

मिलारायने भिंग डोळ्यावर ओढलं. "सान्तियागोत मात्ता या मोठ्या चित्रकाराने ब्रिगेडच्या पोरांबरोबर रंगवलेली भिंत कितीतरी थरांखालून बाहेर निघाली ना, मग ही का नाही निघणार? फक्त एक गोष्ट कळत नाही. वरचा रंग बोटीचा आहे. पण त्याखाली आणखी एक पांढरा थर दिसतोय. अस्तर असेल. ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसतं, पण गिलाव्यातही चुना आहेच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. काका, शिपायांनी आधी काही लावलं होतं का?"

एवारिस्तोने पेला तोंडाला लावला. चहा गरम नव्हता, तरी तो फुंकर घालत राहिला.

"शिपायांनी काय लावलं ते मला काय माहीत?"

माहीत होतं. शिपायांनी भिंतीला बोटही लावलं नव्हतं. एक सार्जंट आला होता आणि शनिवारपर्यंत भिंत पांढरी हवी, असं बजावून गेला होता. क्लबमध्ये रंगारी एकच, गोदीत कामाला असलेला एवारिस्तो. तेव्हा म्हातारा गवंडी रोहेलियो त्याला म्हणाला होता, "चुना लाव, पोरा. नुसता चुना. दिवस पालटले की ओल्या फडक्याने निघेल." एवारिस्तोने चुना लावला. सकाळी येऊन पाहिलं तर त्यातून काळी रेघ दिसत होती, शेपटीपासून डोळ्यापर्यंत. टेकडीवर सगळेच आपापली घरं गोदीतल्या उरलेल्या रंगाने रंगवत. त्यानेही तसाच एक डबा आणला आणि चुन्यावर दोन हात मारले. समुद्राच्या पाण्यालाही जो दाद देत नाही, तो रंग.

बुधवारी मिलारायने भिंतीच्या कडेला, नखाएवढ्या जागेवर रंग विरघळवणारं औषध लावून पाहिलं. वरचा रंग मऊ होऊन कापसावर आला आणि खालून निळा निघाला. ती टाळी वाजवून ओरडली, "काका, तुमचा निळा!" कडेला चुना नव्हताच. तो तिथवर पुरला नव्हता, निळ्यावर थेट बोटीचा रंग बसला होता; मधल्या भागाचं यावरून काहीच कळत नव्हतं. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण फ्रेसिया तिथेच उभी होती, निळ्यावर बोट ठेवून. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मिलारायला एकटीला गाठून.

गुरुवारी तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मधल्या दोन हात लांबीच्या पट्ट्यावर औषध लावून तासभर झाला होता. मिलाराय पट्ट्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर कापसाचे बोळे पडले होते. सगळे तपकिरी-काळे.

"काय झालं?"

"रेघ डांबराची होती," ती हळू आवाजात म्हणाली. "बोटीच्या बुडाला लावतात ना, ते. औषध मधल्या थरातून झिरपलं आणि रेघच विरघळली. हा मासा होता बहुतेक."

भिंतीवर राखाडी ओघळ होते. मासा नव्हता.

"मधला थर चुना आहे," एवारिस्तो म्हणाला. "एक हात. पाणी घालून पातळ केलेला."

मिलारायने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी लावला."

मग तिने वही उघडली. "चुना आहे हे कळलं असतं तर मी औषधाला हातच लावला नसता. खरवडून आणि ओलं करून तो थर वरच्या रंगासकट सुटला असता. या पट्ट्याच्या बाजूला सुरीने करून बघते." आणि लिहिता लिहिता म्हणाली, "कालच सांगितलं असतंत तर..."

"कोणी लावला म्हणालास?"

फ्रेसिया थर्मास घेऊन पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी उभी होती. एवारिस्तोने तिला सगळं सांगितलं: सार्जंट, रोहेलियो, सकाळी दिसलेली रेघ, गोदीतला डबा.

"चुना लावलास तेव्हा मनात होतं, की पुढे धुता येईल?"

"होतं."

"मग वर दुसरा रंग कशाला?"

"भीती वाटली, फ्रेसिया."

"भीती तेव्हा सगळ्यांना होती. मलाही होती. त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही." तिने थर्मास बाकावर ठेवला. "पण काल? काल कुणाची भीती होती? या पोरीची?"

"तुझी," तो म्हणाला.

फ्रेसियाने राखाडी ओघळांकडे पाहिलं, मग हवेत बोट उचललं, जणू शेपटीपासून डोळ्यापर्यंत न्यायचं आहे. ते अर्ध्यावरच थांबलं. वळण कुठे होतं ते तिला आठवेना, आणि एवारिस्तोला ते नेमकं आठवत होतं.

"इथून वर," तो म्हणाला. "मग मनगट फिरवून खाली."

तिने हात खाली घेतला. "तू नको सांगूस," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.

शुक्रवारी इंजिनिअर आला. मिलारायने तोवर सुरीने कसाबसा सोडवलेला दोन वीत निळा त्याने पाहिला. छान निळा आहे, पण यात चित्र कुठे आहे, असं त्याने विचारलं.