सुरईतली वाईन

"ही वाईन नाही, बाटली विसळलेलं पाणी आहे." मावशीनं पेला टेबलावर आपटला. "घेऊन जा."

वेटर माझ्याकडे बघायला लागला. मी घोट घेतला. नेहमीसारखीच तर होती.

"मावशी, गेल्या रविवारचीच आहे ही."

"तेव्हाही पाणीच होतं. मी भिडेखातर बोलले नाही."

भिडेखातर! अर्ध्या तासापूर्वी हिनं बेकरीवाल्या बाईला भर दुकानात सुनावलं होतं, 'तुमच्या पावाला भुशाची चव आहे.' सव्वीस वर्षं हिला पाव देणारी ती बाई रडवेली झाली. मध्यंतरी एका खानावळीत हिनं मासा परत पाठवला होता. अशानं सगळ्या वस्तीत आम्हाला बसायला एक टेबल उरणार नव्हतं.

मावशी टेलिफोन ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. हौस एकच. रविवारी दुपारी पायी निघायचं, बेकरीतून गरम पाव घ्यायचा आणि वस्तीतल्या एखाद्या लहानशा हॉटेलात सुरईतली स्वस्त वाईन घेत दोन तास जेवायचं. बड्या हॉटेलांचं तिला कौतुक नव्हतं. "तिथं ताट बघायचं असतं, इथं जेवायचं," म्हणायची. आई गेल्यापासून मी तिच्याबरोबर जायला लागलो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, समोर येईल ते खातो. माझ्या जिभेचा तिला कायम वैताग. आता तिच्या जिभेचा मला.

आचारी स्वतः कोंबडीचं ताट घेऊन बाहेर आला. बहुधा वेटरनं आत जाऊन सांगितलं असावं. मावशीनं एक घास खाल्ला.

"लसूण घालायला विसरलात."

आचाऱ्यानं ताटाकडे बघितलं. कोंबडीच्या शेजारी भाजलेला लसणाचा अख्खा गड्डा होता. मला तर त्याचा वास दारातच आला होता. मावशीनंही तो आता बघितला आणि काटा खाली ठेवला. आचारी आत गेला.

मला मागच्या आठवड्यातलं आठवलं. मी तिच्या घरी गेलो तेव्हा दूध करपून जिन्यापर्यंत वास आला होता आणि ही शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसली होती.

"मावशी, तुला वास येतो का?"

"सर्दी आहे."

"कधीपासून?"

ती मांडीवरचा रुमाल सारखा करत राहिली. "तीन महिने. डॉक्टर म्हणतात, आला तर येईल परत."

"अगं, मग सांगायचं नाही? लोकांशी भांडत काय सुटलीस!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आता घरीच बसू."

खरं होतं. मी तेच म्हणालो असतो आणि मनातल्या मनात 'सुटलो' म्हटलं असतं.

मावशीनं वेटरला हाक मारली. "सुरई राहू दे. आणि आचाऱ्यांना सांगा, लसूण आहे. चूक माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बेकरीत उद्या मी एकटी जाऊन येईन. तू यायचं नाहीस."

तिनं माझा पेला भरला.

"पी. आणि सांग कशी लागते."

"चांगली आहे."

"चांगली! फोनवर असं म्हणणारे निम्मे लोक खोटं बोलत असतात. नीट सांग."

"आंबट आहे."

"कशासारखी? लिंबासारखी?"

"नाही." मी परत घोट घेतला. "कच्चं सफरचंद सालीसकट चावल्यावर लागतं तशी."

"मागाहून?"

"मागाहून जीभ कोरडी पडते."

"आणि वास?"

"मावशी, मला नाही गं हे जमत!"

ती नुसती वाट बघत बसली, फोनवरच्या माणसानं नंबर सांगावा म्हणून बसत असेल तशी. मी पेल्यात नाक खुपसलं.

"नव्या मशीनचं खोकं फोडतो ना आम्ही, त्या लाकडासारखा. ओल्या लाकडासारखा."

मावशीनं डोळे मिटले. घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"ओलं," तिनं विचारलं, "की भिजून वाळलेलं?"

मी पुन्हा पेला उचलला.